परतीचे मोल : श्रीअरविंदांचे चरित्र आणि पाताळगमनाचे मिथक

१

मृतांच्या लोकात जिवंतपणी जाणे आणि तेथून परत येणे, हे आशयसूत्र अनेक प्राचीन संस्कृतींच्या पुराणकथांत आढळते. सुमेरियन कथेतील इनन्ना सात दारे ओलांडून आपल्या बहिणीच्या राज्यात उतरते. ग्रीक ऑर्फियस गायनाच्या बळावर युरिडिसीला मागून घेतो. व्हर्जिलचा ईनियस मृत पित्याच्या भेटीसाठी अधोलोकात जातो. कठोपनिषदातील नचिकेता तीन रात्री यमाच्या घरी उपाशी राहतो. या कथांची प्रयोजने भिन्न आहेत. तथापि त्यांतील बहुतेकींत एक प्रश्न समान असतो : परतीचे मोल कोणी आणि काय द्यावयाचे? इनन्नाला आपल्या जागी डुमुझीला द्यावे लागते. ऑर्फियसला मागे न पाहण्याची अट पाळावी लागते आणि ती मोडताच त्याने मिळविलेले सारे हरपते.

आधुनिक काळात या मिथकाची पुनर्कथने झाली, ती प्रामुख्याने याच प्रश्नाभोवती. रिल्केने १९०४ साली लिहिलेल्या ऑर्फियसविषयक कवितेत युरिडिसी आपल्या मरणातच इतकी परिपूर्ण झाली आहे की, परतणे ही तिची गरजच उरलेली नाही. झाँ कॉक्तोच्या १९५० सालच्या ‘ऑर्फे’ या चित्रपटात परतीचे मोल मृत्यूच स्वतः चुकविते. याच कालखंडात, यूरोपपासून दूर पाँडिचेरी येथे, श्रीअरविंद घोष हे याच प्रश्नाला वेगळ्या दिशेने भिडत होते. क्रांतिकारक, योगी आणि तत्त्वचिंतक म्हणून ते मराठी वाचकांना परिचित आहेत. मिथकाचे पुनर्कथन करणारा कवी म्हणून त्यांचे चरित्र पाहिले, तर असे दिसते की १८९९ पासून १९५० पर्यंत ते पुनःपुन्हा मृत्युलोकाच्या दाराशी येतात आणि दर वेळी परतीचे मोल बदलते. हा बदल कसा घडला, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

२

श्रीअरविंदांचा जन्म १५ ऑगस्ट १८७२ रोजी कलकत्ता येथे झाला. वडील डॉ. कृष्णधन घोष हे सिव्हिल सर्जन होते. मुलांवर भारतीय संस्कारांची छायाही पडू नये, या आग्रहाने त्यांनी १८७९ साली तिन्ही मोठ्या मुलांना इंग्लंडमध्ये नेऊन ठेवले. मँचेस्टर, लंडनची सेंट पॉल्स शाळा आणि १८९० पासून केंब्रिजचे किंग्ज कॉलेज असा सात ते वीस वर्षांपर्यंतचा त्यांचा काळ तेथे गेला. ग्रीक आणि लॅटिन या भाषा त्यांनी मातृभाषेच्या आधी आत्मसात केल्या. ऑर्फियसची कथा आणि ईनियसचे अधोलोकगमन ज्या साहित्यात आहे, तेच त्यांच्या शिक्षणाचे पहिले साहित्य होते. भारतीय पुराणकथांकडे ते पुढे आले, ते या दाराने.

सनदी परीक्षेच्या घोडेस्वारीच्या चाचणीस ते उपस्थित राहिले नाहीत आणि सरकारी सेवेचा मार्ग बंद झाला. त्याच सुमारास सयाजीराव गायकवाड लंडनमध्ये होते. त्यांनी श्रीअरविंदांना वडोदे संस्थानच्या सेवेत घेतले. मायदेशी परतण्याच्या या प्रसंगाशी एक दारुण घटना निगडित आहे. मुलगा ज्या जहाजाने निघाला असे वडिलांना कळविण्यात आले होते, ते जहाज पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळ बुडाले. मुलगा गेला या समजुतीनेच कृष्णधन घोष १८९२ च्या डिसेंबरात वारले. वस्तुतः श्रीअरविंद त्या जहाजावर नव्हतेच. ते १८९३ च्या फेब्रुवारीत मुंबईस उतरले, तेव्हा त्यांच्या परतण्याची वाट पाहणारा पिता उरला नव्हता.

३

वडोद्याची तेरा वर्षे ही श्रीअरविंदांच्या भारतीय होण्याची वर्षे होत. महसूल खाते, सचिवालय आणि नंतर महाविद्यालयातील अध्यापन अशी त्यांची सेवा झाली. याच काळात त्यांनी संस्कृत आणि बंगालीचा अभ्यास केला आणि मराठी राज्यकुळाच्या या नगरीत मराठी व गुजराती या भाषाही शिकून घेतल्या. केंब्रिजपासूनचे स्नेही केशवराव देशपांडे यांच्यामुळे मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’मध्ये १८९३-९४ साली त्यांची राजकीय लेखमाला प्रसिद्ध झाली. मराठी जगाशी जडलेला हा संबंध पुढे त्यांच्या काव्यातही उतरला. पावनखिंडीवरील त्यांचे ‘बाजी प्रभू’ हे इंग्रजी कथाकाव्य १९१० साली ‘कर्मयोगिन्’मध्ये आले. त्या काव्यातही एक अरुंद वाट आहे आणि ती दुसऱ्यासाठी खुली राहावी म्हणून आपला प्राण मोजणारा वीर आहे.

महाभारताच्या वाचनातून १८९९ साली ‘लव्ह अँड डेथ’ हे निर्यमक छंदातील काव्य निर्माण झाले. ते ग्रंथरूपाने आले १९२१ साली. त्याचा आधार आदिपर्वातील रुरू आणि प्रमद्वरा यांची कथा आहे. विवाहापूर्वीच प्रमद्वरेला सर्पदंश होतो; रुरू अरण्यात विलाप करतो; देवदूत येऊन उपाय सांगतो; रुरू आपले अर्धे आयुष्य देऊ करतो आणि धर्मराजाच्या संमतीने ती उठून बसते. महाभारतातील रुरू पाताळात जात नाही. व्यवहार पृथ्वीवरच, दूताच्या मध्यस्थीने उरकतो.

श्रीअरविंदांनी या कथेत जो मूलगामी फेरफार केला, तो येथेच. नायिकेचे नाव त्यांनी प्रियंवदा केले, हा बदल किरकोळ होय. महत्त्वाचे असे की, त्यांचा रुरू मदनाचे साह्य घेऊन समुद्राकडे जातो, तेथून पाताळात उतरतो, यातना भोगणारे मृतात्मे पाहतो आणि यमासमोर उभा राहतो. ही वाट व्यासांची नसून व्हर्जिलची आहे. परंतु शेवट ऑर्फियसचा नाही. मागे वळून पाहण्याची अट येथे नाही. त्या जागी महाभारतातील अर्ध्या आयुष्याचे दान आहे. ग्रीक कथेत नियमभंगामुळे प्रिया गमावते. येथे किंमत आधीच मोजल्यामुळे ती परत मिळते. दोन परंपरांचा असा संयोग करताना कवीने यमाला केवळ क्रूर ठेवलेले नाही. जे उत्तरायुष्य रुरू टाकून देत आहे, त्यातील शांती आणि ईश्वराकडे नेणारी परिपक्वता यांचे मोल यम त्याला समजावून सांगतो. रुरू ते ऐकतो आणि तरीही यौवनातील प्रेमाची निवड करतो. कवीचे वय तेव्हा अवघे सत्तावीस वर्षांच्या आत होते. पण यमाच्या तोंडी घातलेला हा युक्तिवाद पुढील आयुष्यात कवीला सोडणार नव्हता.

४

१९०१ च्या एप्रिलात मृणालिनीदेवींशी त्यांचा विवाह झाला. ‘लव्ह अँड डेथ’ ही त्यापूर्वीची रचना असल्याने तिच्यात दांपत्यजीवनाचे प्रतिबिंब शोधणे कालदृष्ट्या चुकीचे ठरते. १९०६ साली वडोदे सोडून ते बंगालच्या राष्ट्रीय चळवळीत उतरले. सुरतेच्या फुटीर अधिवेशनानंतर १९०८ च्या जानेवारीत वडोद्यास विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तीन दिवस एकांतात साधना केली आणि मनाच्या संपूर्ण निःशब्दतेचा अनुभव घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात अटक होऊन ते अलीपूरच्या तुरुंगात गेले. वर्षभराने, मे १९०९ मध्ये, चित्तरंजन दास यांच्या बचावानंतर त्यांची निर्दोष सुटका झाली. सुटकेनंतर त्याच वर्षी त्यांनी कठोपनिषदाचा इंग्रजी अनुवाद ‘कर्मयोगिन्’मध्ये प्रसिद्ध केला. यमाच्या घरून नचिकेता परततो तो कोणा व्यक्तीला घेऊन नव्हे, ज्ञान घेऊन. हा फरक रुरूच्या कथेशी ताडून पाहण्याजोगा आहे.

४ एप्रिल १९१० रोजी ते पाँडिचेरीस पोहोचले आणि अखेरपर्यंत तेथेच राहिले. ऑगस्ट १९१४ पासून निघालेल्या ‘आर्य’ मासिकात त्यांनी वेदरहस्यावरील लेखमाला लिहिली. पणींनी गायी गुहेत कोंडून ठेवल्या आहेत, सरमा रसा नदी ओलांडून त्यांचा माग काढते आणि इंद्र अंगिरसांसह गुहा फोडतो, ही ऋग्वेदातील कथा त्या विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे. सायणांनी तिचा यज्ञपर आणि यूरोपीय पंडितांनी निसर्गपर अर्थ लावला होता. श्रीअरविंदांच्या अन्वयार्थानुसार गायी म्हणजे प्रकाश आणि गुहा म्हणजे माणसाच्या जाणिवेखालील अंधारा थर. येथे पाताळ भूगोलातून निघून अंतरंगात आले. आणखी एक गोष्ट घडली. पणींशी कसलाही सौदा होत नाही. सरमेला ते आमिष दाखवितात आणि ती ते नाकारते. मोल देऊन सोडवून आणण्याची कल्पना या कथेत मुळी नाही.

५

‘सावित्री’चे उपलब्ध असलेले पहिले हस्तलिखित १९१६ सालचे आहे. तेव्हा हे काव्य म्हणजे ‘लव्ह अँड डेथ’च्याच जातीचे, मर्यादित आकाराचे आख्यान होते. दोन वर्षांनी, १९१८ च्या डिसेंबरात, पाँडिचेरीस जाण्याची तयारी चालू असतानाच मृणालिनीदेवी इन्फ्लुएंझाच्या साथीत कलकत्त्यास निवर्तल्या. १९१० नंतर पतिपत्नींची भेट झाली नव्हती. पतीला मृत्यूच्या हातून सोडविणाऱ्या स्त्रीचे महाकाव्य लिहिणाऱ्या कवीची पत्नी अशी एकाकी जावी, यातील विसंगती चरित्रकाराला मोहात पाडणारी आहे. परंतु काव्याचा आरंभ या मृत्यूच्या आधीचा असल्याने शोकातून काव्य जन्मले, हे विधान करता येत नाही. एवढेच म्हणता येते की, ज्या कथेत मागणाऱ्याला त्याचे माणूस परत मिळते, ती कथा ते या घटनेनंतरही बत्तीस वर्षे लिहीत राहिले.

महाभारताच्या वनपर्वातील सावित्री यमामागून चालत जाते, यमलोकात प्रवेश करीत नाही. आपल्या धर्मवचनांनी ती त्याला प्रसन्न करते आणि वरामागून वर मिळवीत अखेर सत्यवानाचे प्राण परत आणते. महाराष्ट्रात ज्येष्ठ पौर्णिमेला वटवृक्षाच्या पूजेतून जपली जाणारी कथा हीच. तिचा गाभा चातुर्य आणि निष्ठा हा आहे. यमाचा नियम मात्र अबाधित राहतो, अपवाद केला जातो एका दांपत्यापुरता.

श्रीअरविंदांच्या ‘सावित्री’त दोन अधोगमने आहेत. पहिले पित्याचे. मूळ कथेतील अश्वपती अपत्यासाठी अठरा वर्षे हवन करतो. येथे तो योगी होऊन सर्व लोकांचा प्रवास करतो आणि दुसऱ्या पर्वात रात्रीच्या तळाशी, असत्याच्या राज्यात उतरतो. दुसरे अधोगमन कन्येचे. सत्यवानाच्या मृत्यूनंतर ती मृत्यूच्या मागोमाग सनातन रात्रीत शिरते. तेथील दीर्घ वादात ती मृत्यूला प्रसन्न करून घेत नाही, त्याचा युक्तिवाद झिडकारते. अखेर तिच्यातून प्रकटलेल्या तेजात मृत्यूचे रूपच विरून जाते. त्यानंतर तिला स्वर्गीय आनंदात राहण्याचा पर्याय मिळतो आणि तो नाकारून ती पृथ्वीवर परतणे पसंत करते. परतीचे मोल येथे मृत्यूला चुकवावयाचे नसून स्वर्गाचा त्याग हे ते मोल आहे. रुरूने अर्धे आयुष्य दिले; सावित्री अर्धे काहीच देत नाही आणि अर्धे काहीच घेत नाही. अपवाद मागण्याऐवजी नियम बदलण्याची ही मागणी होय.

या परिवर्तनाला काव्यदृष्ट्या किंमत द्यावी लागली आहे, हेही नमूद केले पाहिजे. सत्यवान हा उत्तरार्धात जवळजवळ निमित्तमात्र उरतो. पाताळ जितके तत्त्वरूप होते, तितका विरहाचा मानवी दाह मंदावतो. रिल्केच्या युरिडिसीला मरणातही स्वतःचे असे अस्तित्व आहे. सत्यवानाच्या वाट्याला ते त्या प्रमाणात येत नाही. ‘लव्ह अँड डेथ’मधील उत्कटता ज्याला प्रिय आहे, त्या वाचकाला ही उणीव जाणवल्यावाचून राहत नाही.

६

नोव्हेंबर १९२६ नंतर श्रीअरविंद एकांतात राहू लागले. १९३८ च्या नोव्हेंबरात पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. पुढील वर्षांत दृष्टीही क्षीण झाली आणि ‘सावित्री’चे संस्करण ते निरोदबरन यांना तोंडी सांगून करीत. १९४६ पासून काव्याचे भाग प्रसिद्ध होऊ लागले. बारा पर्वे, एकोणपन्नास सर्ग आणि सुमारे चोवीस हजार ओळी एवढा त्याचा विस्तार झाला. ५ डिसेंबर १९५० रोजी श्रीअरविंदांचे निधन झाले. काव्याचे उरलेले भाग ग्रंथरूपाने १९५१ साली आले.

त्या वेळी एक पर्व त्यांच्या हातून पुरते घडावयाचे राहून गेले होते, आणि ते मृत्युपर्व होते. आठव्या पर्वात एकच सर्ग आहे आणि त्याचा क्रमांक तीन आहे. जुन्या, लहान आख्यानातील तिसरा सर्ग थोड्या संस्कारांनिशी तेथे ठेवण्यात आला व त्याचा मूळ क्रमांकही तसाच राखला गेला. लाकडे तोडता तोडता सत्यवानाला वेदना होतात, तो सावित्रीच्या मांडीवर डोके ठेवतो आणि तेथेच त्याचा प्राण जातो, एवढाच त्याचा विषय. अवतीभोवतीच्या विराट पर्वांत हा सर्ग आकाराने लहान आणि रीतीने जुना आहे. तो रुरूच्या कवीच्या अधिक जवळचा वाटतो.

संपादनाच्या दृष्टीने ही अपूर्णता असली, तरी अभ्यासकाला ती मोलाची आहे. मृत्यूचा नियम बदलू पाहणाऱ्या या महाकाव्यात प्रत्यक्ष मरणाचा क्षण जुन्या आख्यानातल्यासारखाच साधा राहिला आहे. अर्धे आयुष्य देऊन सोडवणूक, गुहेतील प्रकाशाचा शोध आणि मृत्यूच्या सत्तेचाच अस्वीकार, अशा तीन टप्प्यांनी श्रीअरविंदांनी पाताळगमनाचे मिथक आधुनिक केले. तिसऱ्या टप्प्याची थोरवी मान्य करूनही त्याचे मूल्यमापन करताना मृत्युपर्वातील हा छोटा सर्ग विसरून चालणार नाही. कारण सावित्री पुढे ज्या रात्रीत उतरते, तिचे कारण या सर्गातच घडते.