विश्लेषण : पाण्याच्या माठापासून चलनी नोटेपर्यंत… कोण होत्या लाडी क्वाली?

नायजेरियाच्या २० नायराच्या नोटेवर मागील बाजूस माठ घडवणारी एक स्त्री दिसते. ती ना राजकारणी, ना लष्करी अधिकारी. घरोघरी लागणारी पाण्याची मडकी करणाऱ्या लाडी क्वाली यांना हा मान कसा मिळाला? आणि या प्रवासात त्यांच्या माठाचे काय झाले?

ही कला कुठून आली?
लाडी यांचा जन्म १९२५ च्या सुमारास क्वाली गावातील ग्वारी समाजात झाला. हौसा भाषेत ‘लाडी’ म्हणजे रविवारी जन्मलेली. गावाचे नावच पुढे त्यांच्या नावाला जोडले गेले. तिथे मडकी घडवणे हे बायकांचे काम. कुटुंबातील ज्येष्ठ स्त्रीकडून त्या ते शिकल्या. चाक नसे. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, थापीने ठोकायच्या आणि भांड्याभोवती स्वतःच फिरायचे. ओल्या मातीवर सरडे, विंचू, मगरी कोरायच्या आणि गवत-काटक्या पेटवून उघड्यावर भाजायचे.

कलाटणी कशी मिळाली?
अबुजाचे अमीर सुलेमान बारौ यांच्या वाड्यात लाडी यांचे माठ होते. ते ब्रिटिश कुंभार मायकल कार्ड्यू यांच्या नजरेस पडले. त्यांनी अबुजात (आजचे सुलेजा) कुंभारकाम प्रशिक्षण केंद्र उभारले. १९५४ मध्ये लाडी तिथे दाखल झाल्या. केंद्रातील त्या पहिल्या महिला कुंभार.

नवे काय शिकल्या?
चाक, झिलई आणि १२०० अंश सेल्सिअसहून अधिक तापणारी भट्टी. चाकावर त्या वाडगे आणि इतर भांडी करू लागल्या. मोठे माठ मात्र आधीप्रमाणे हातानेच, वळ्या रचून घडवत. कोरलेल्या आकृत्यांमध्ये पांढरी माती भरून वर झिलई दिली जाई.

मग गमावले काय?
साधा माठ पाझरतो, म्हणून पाणी गार राहते, हे आपल्याला सांगायला नको. झिलईच्या, कडक भाजलेल्या माठातून पाणी पाझरत नाही, त्यामुळे ते गारही होत नाही. म्हणजे माठाला जगात नाव मिळाले, पण त्याचे मूळ काम सुटले. १९५८ पासून लंडनच्या बर्कली गॅलरीत अबुजाची भांडी मांडली गेली. ज्या माठांवर गावात पाणी भरले जाई, ते तिथे पाहण्याची वस्तू झाले.

त्यांचे मोठेपण कशात?
नवे तंत्र घेताना त्यांनी जुना हात सोडला नाही. अमेरिकेच्या दौऱ्यात प्रेक्षकांसमोर त्यांनी दाखवली ती गावची हीच पद्धत. अहमदू बेल्लो विद्यापीठाने १९७७ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १२ ऑगस्ट १९८४ रोजी त्यांचे निधन झाले. अबुजाच्या त्या केंद्राला त्यांचेच नाव देण्यात आले. गावातल्या बायकांचे रोजचे, बिननावाचे काम त्यांच्यामुळे देशाच्या नोटेवर पोहोचले.