हॅरी फर्ग्युसन
हेन्री जॉर्ज ऊर्फ हॅरी फर्ग्युसन (जन्म : ४ नोव्हेंबर १८८४, मृत्यू : २५ ऑक्टोबर १९६०) हे आयर्लंडमध्ये जन्मलेले अभियंता, संशोधक व उद्योजक होते. आधुनिक ट्रॅक्टरच्या मागे दिसणारी त्रिबिंदू जोडणी ही त्यांची जगाला देणगी होय.

== जीवन ==
फर्ग्युसन यांचा जन्म डाउन परगण्यातील ग्रोवेल येथे शेतकरी कुटुंबात झाला. शेतीकामात त्यांचे मन रमले नाही. १९०२ मध्ये ते बेलफास्टला भावाच्या सायकल व मोटार दुरुस्तीच्या व्यवसायात दाखल झाले. ३१ डिसेंबर १९०९ रोजी त्यांनी स्वतः बांधलेले विमान हिल्सबरो येथे उडवले. आयर्लंडमधील हे पहिले विमानोड्डाण मानले जाते.

== त्रिबिंदू जोडणी ==
पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधील ट्रॅक्टर व नांगर यांच्या पाहणीचे काम त्यांच्याकडे आले. त्या वेळी नांगर ट्रॅक्टरमागे केवळ ओढला जाई. तो दगडात अडकला की ट्रॅक्टरची पुढची चाके उचलली जात आणि यंत्र मागे उलटून चालक त्याखाली चिरडला जाई. फर्ग्युसन यांनी खाली दोन व वर एक अशा तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरलाच जोडले व त्याची उचल द्रवचलित केली. नांगराला होणारा विरोध वरच्या दांड्यातून ट्रॅक्टरकडे येऊन पुढची चाके जमिनीवर दाबू लागला. त्यामुळे हलक्या ट्रॅक्टरनेही जड काम करता येऊ लागले.

१९३६ मध्ये डेव्हिड ब्राउन यांच्या सहकार्याने फर्ग्युसन-ब्राउन ट्रॅक्टर बाजारात आला. १९३८ मध्ये हेन्री फोर्ड यांच्याशी केवळ हस्तांदोलनावर करार झाला. फोर्ड यांच्या नातवाने तो पुढे मोडला, तेव्हा फर्ग्युसन यांनी दावा दाखल केला. १९५२ मध्ये तडजोडीअंती त्यांना ९२.५ लाख डॉलर मिळाले. दरम्यान १९४६ पासून कॉव्हेंट्री येथे टीई२० या ट्रॅक्टरचे उत्पादन सुरू झाले होते. १९५६ पर्यंत असे पाच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले.

== डोंगरउतारावरील उपयोग ==
लहान बांधणीचा व चाकांतील अंतर कमीअधिक करता येणारा टीई२० डोंगराळ भागातील लहान शेतांना सोयीचा ठरला. गवत कापण्याचे यंत्रही त्याच जोडणीवर बसवता येई. मात्र ही जोडणी नांगर अडकल्याने मागे उलटण्याचा धोका कमी करते. उतारावर आडवे चालताना कुशीवर कलंडण्यापासून संरक्षण देत नाही. म्हणूनच तीव्र उतारासाठी ट्रॅक्टर निवडताना अश्वशक्तीपेक्षा चाकांतील रुंद अंतर, खाली असलेला गुरुत्वमध्य, चालकाभोवतीची संरक्षक चौकट व आसनपट्टा यांना अधिक महत्त्व दिले जाते.

== वारसा ==
१९५३ मध्ये त्यांची कंपनी कॅनडाच्या मॅसी-हॅरिस कंपनीत विलीन झाली. पुढे तिचे नाव मॅसी फर्ग्युसन झाले. जानेवारी १९५८ मध्ये एडमंड हिलरी यांची तुकडी फर्ग्युसन ट्रॅक्टरांवरून दक्षिण ध्रुवावर पोहोचली. भारतात चेन्नईच्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टरांचे उत्पादन केले. आज जगभरातील बहुतेक ट्रॅक्टरांना, निर्माता कोणीही असो, फर्ग्युसन यांच्या कल्पनेवर आधारलेली त्रिबिंदू जोडणी असते.