चेंडू टाकणारे बाळू पालवणकर

आमच्या गावात क्रिकेट खेळताना ज्याची बॅट तो आधी खेळतो. माझ्याकडं बॅट नाही. म्हणून मी सारखी बॉलिंगच करतो. एकदा मी रुसून घरी निघून आलो. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला बाळू पालवणकरांची माहिती सांगितली. ती मी इथे लिहीत आहे.

बाळूंचा जन्म १९ मार्च १८७६ रोजी धारवाडला झाला. धारवाड आता कर्नाटकात आहे. आपल्या देगलूरहून कर्नाटकाची हद्द जवळ आहे, पण धारवाड लई लांब आहे. त्यांचे वडील पलटणीत नोकरीला होते. पुढे ते सर्वजण पुण्यात राहिले. साहेब लोकांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूने बाळू व त्यांचे भाऊ शिवराम खेळायला शिकले.

बाळूंना पहिली नोकरी पारशी लोकांच्या क्लबात लागली. मैदान झाडायचे, रूळ फिरवायचा. पगार महिन्याला ३ रुपये. नंतर १८९२ साली ते पुण्यातच साहेबांच्या क्लबात गेले. तिथे पगार ४ रुपये झाला. रूळ फिरवणे, जाळी लावणे ही कामे होतीच. शिवाय साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. बाळू डावखुरे होते. त्यांचा चेंडू चांगलाच वळायचा. ग्रेग नावाचा एक साहेब रोज लवकर येऊन त्यांच्या चेंडूवर सराव करायचा. त्याला बाद केले की तो आठ आणे द्यायचा, असे सांगतात. मी हिशोब केला. आठ वेळा बाद केले म्हंजे एका महिन्याचा पगार!

पण इतकी वर्षे चेंडू टाकले तरी साहेबांनी बाळूंना एकदाही बॅट दिली नाही. हे ऐकून मी गप्पच बसलो.

मग पुण्याच्या हिंदू क्लबाला साहेबांना हरवायचे होते. बाळूंना घ्यावे का, यावर तिथे भांडण झाले. कारण बाळू चांभार समाजाचे होते आणि तेव्हा लोक शिवाशिव पाळायचे. शेवटी त्यांना घेतले. मैदानात सगळे एकाच चेंडूला हात लावायचे. पण चहाची सुट्टी झाली की बाकीचे आत बसून कपात चहा प्यायचे आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. जेवायलासुद्धा वेगळे बसवायचे. मी आजीला विचारले, असं खरंच असतंय का? आजी म्हणाली की तिच्या लहानपणी आपल्याच गावात काही लोकांना पाणी वरून ओतायचे. ती पुढे काही बोलली नाही, तांदूळ निवडत बसली.

पुढे बाळू मुंबईला गेले. १९०६ साली हिंदू संघाने साहेबांच्या संघाला १०९ धावांनी हरवले. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. १९११ साली ते बोटीने इंग्लंडला गेले. तिथे त्यांनी ११४ गडी बाद केले. तरी हिंदू संघाचे कप्तान त्यांना कधीच केले नाही. १९२३ साली त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले. बाळू १९५५ साली वारले.

ही माहिती मी आमच्या टोळीला मैदानावर सांगितली. बॅटवाल्या पोराने नीट ऐकली. त्या दिवशी त्याने मला सहा चेंडू खेळायला दिले. मी दुसऱ्याच चेंडूवर बाद झालो.