नापसंतीची शाळा : शिल्पकार ओग्यूस्त रॉदँ

हनुवटी हातावर टेकवून चिंतनात बुडालेला ‘विचारवंत’ आपल्यापैकी बहुतेकांनी चित्रांतून पाहिला आहे. हे शिल्प घडवणाऱ्या ओग्यूस्त रॉदँची गणना आज आधुनिक शिल्पकलेच्या प्रवर्तकांत होते. तथापि त्याच्या आयुष्याचा मोठा भाग परीक्षकांच्या नकारात, समीक्षकांच्या संशयात आणि समित्यांच्या तक्रारींत गेला. आपल्या विद्यालयातील मुले-मुली चित्रकलेच्या परीक्षांना व स्पर्धांना बसतात. काही पारितोषिक घेऊन परततात, बाकीची रिकाम्या हातांनी. या दुसऱ्या मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा विचार करून आम्ही स्मरणिकेसाठी रॉदँचे चरित्र निवडले आहे.

रॉदँचा जन्म १२ नोव्हेंबर १८४० रोजी पॅरिसमधील एका सामान्य कुटुंबात झाला. वडील पोलीस खात्यात साधे कर्मचारी होते. मुलाची दृष्टी अधू असल्याने शालेय अभ्यासात त्याची प्रगती बेताचीच राहिली. रेखाटनाची ओढ मात्र जबर होती. चौदाव्या वर्षी त्याने एका सरकारी चित्रशाळेत प्रवेश घेतला. कारागीर आणि सजावटकार तयार करणारी ही शाळा ‘लहान शाळा’ या नावाने ओळखली जाई. तेथील लकोक द ब्वाबोद्राँ या शिक्षकांची पद्धत निराळी होती. वस्तू नीट न्याहाळायची, मग ती दृष्टीआड करून स्मरणातून रेखाटायची, असा अभ्यास ते करून घेत. पाहणे हीदेखील एक साधना आहे, हा संस्कार रॉदँच्या मनावर येथेच झाला.

शिल्पकार म्हणून मान मिळवायचा, तर त्या काळी ‘एकोल दे बोझार’ या राष्ट्रीय कलाशाळेत प्रवेश मिळणे महत्त्वाचे होते. रॉदँ तिच्या प्रवेशपरीक्षेस तीनदा बसला. रेखाटनात तो उत्तीर्ण झाला, पण शिल्पकामात तिन्ही वेळा नापास झाला. पुढे ज्या विषयात त्याने जग जिंकले, नेमका तोच विषय परीक्षकांना अपुरा वाटला. चरितार्थासाठी त्याला इमारतींचे नक्षीकाम आणि सजावटीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यांत राबावे लागले. सुमारे वीस वर्षे तो दुसऱ्यांच्या नावावर जाणारे काम करीत राहिला. कलाशाळेने जे शिकवले नसते ते त्याला या कष्टांनी शिकवले. माती, प्लास्टर, दगड आणि धातू यांच्या अंगच्या गुणांची ओळख त्याच्या बोटांत मुरली.

१८६२ साली त्याची बहीण मारिया मठात असताना मरण पावली. या आघाताने खचलेला रॉदँ स्वतःही एका ख्रिस्ती धर्मसंघात दाखल झाला. संघाचे प्रमुख फादर एमार यांनी या तरुणाची प्रकृती ओळखली. त्याला संघात अडकवून ठेवण्याऐवजी त्यांनी मूर्तिकाम करू दिले आणि अखेर कलेकडे परत पाठवले. ज्याचा मार्ग जेथे आहे तेथे त्याला जाऊ देणे, हेही गुरूचेच कर्तव्य असते. रॉदँने १८६३ मध्ये घडवलेला फादर एमार यांचा अर्धपुतळा आजही पाहावयास मिळतो.

फ्रान्समध्ये त्या काळी ‘सालों’ नावाचे मोठे शासकीय कलाप्रदर्शन भरत असे. परीक्षक मंडळ कलाकृती निवडी आणि तेथे निवड झाल्यावाचून कलावंताला ग्राहक व सरकारी कामे मिळणे दुरापास्त असे. रॉदँने येथे पाठवलेली पहिली महत्त्वाची कृती म्हणजे ‘मोडक्या नाकाचा माणूस’. तिचा नमुना बीबी नावाचा एक गरीब मजूर होता. शिल्पशाळा इतकी थंड होती की हिवाळ्यात माती गोठली आणि मस्तकाचा मागचा भाग निखळून पडला. उरला तो केवळ मुखवटा. रॉदँने तोच पाठवला आणि परीक्षकांनी तो नाकारला. सुरकुतलेला, नाक मोडलेला श्रमिकाचा चेहरा त्यांच्या सौंदर्याच्या व्याख्येत बसत नव्हता. रॉदँने हा चेहरा टाकून दिला नाही, तसेच तो अधिक गोजिरवाणाही केला नाही. मुखवटा अपुरा होता, तर त्याने मस्तक पूर्ण केले. १८७५ मध्ये त्याची संगमरवरी आवृत्ती त्याच सालोंने स्वीकारली. काम अपुरे आहे ही टीका त्याने मानली. विषय हीन आहे हा अभिप्राय मात्र मानला नाही. हा विवेक त्याच्या पुढील आयुष्यातही वारंवार दिसतो.

याहून कठोर प्रसंग १८७७ साली आला. रॉदँ तेव्हा बेल्जियममध्ये राहत होता. मध्यंतरी इटलीला जाऊन त्याने मायकेलअँजेलोच्या कृतींचा अभ्यास केला होता. ओग्यूस्त नेट नावाच्या बेल्जियन सैनिकाला समोर उभे करून सुमारे दीड वर्ष खपून त्याने एक पूर्णाकृती नग्न पुरुष घडवला. हेच ‘कांस्ययुग’ या नावाने प्रसिद्ध असलेले शिल्प. ते प्रथम ब्रुसेल्स येथे आणि नंतर पॅरिसच्या सालोंत मांडले गेले. मूर्ती इतकी सजीव होती की ती हाताने घडवलेली नसून जिवंत माणसाच्या अंगावरून साचा काढून ओतलेली आहे, असा संशय घेतला गेला. कलावंताच्या दृष्टीने हा चोरीचाच आरोप होता. जे कौशल्य गौरवास पात्र ठरावे, तेच त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहिले.

रॉदँ संतापला, दुःखी झाला. पण केवळ संतापून थांबला नाही. त्याने त्या सैनिकाची छायाचित्रे काढवली, त्याच्या शरीराचे साचे करवले आणि मूर्ती व माणूस यांतील फरक ताडून पाहावा अशी मागणी केली. तरीही संशय लवकर फिटला नाही. तो काही नामवंत शिल्पकारांच्या साक्षीने फिटला. रॉदँ समोर नमुना न घेता, केवळ स्मरणातून झरझर मानवाकृती घडवतो, हे प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनी १८८० मध्ये त्याच्या बाजूने शासनास पत्र दिले. सरकारने ‘कांस्ययुग’ विकत घेतले. बालवयात लहान शाळेत घटवलेला स्मरणाचा अभ्यास असा ऐन वेळी कामी आला.

या टीकेतून रॉदँने आणखी एक धडा घेतला. त्याची पुढची मोठी मूर्ती ‘धर्मोपदेश करणारा संत जॉन’ ही होती. ती त्याने मनुष्याच्या नैसर्गिक उंचीपेक्षा मोठी केली. माणसाहून मोठी मूर्ती माणसावरून साचा काढून कशी बनणार? पण हे काही केवळ आरोपाला दिलेले उत्तर नव्हते. त्या मूर्तीचे दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले आहेत आणि तरीही ती चालताना भासते. चालण्याचे दोन निरनिराळे क्षण त्याने एकाच देहात आणले. कोणत्याही जिवंत माणसाचा साचा काढून हे साधले नसते. देहाची नक्कल करणे आणि देहाचे चैतन्य पकडणे यांतील भेद त्याने आता स्वतःच्या कामातून सिद्ध केला.

१८७९ साली पॅरिसच्या संरक्षणाचे स्मारक उभारण्यासाठी जाहीर स्पर्धा झाली. १८७०च्या युद्धात वेढ्याला तोंड देणाऱ्या शहराचे हे स्मारक होते. रॉदँने कोसळणारा योद्धा आणि त्याच्या मस्तकावर आक्रोश करणारी पंख असलेली स्त्री असा नमुना पाठवला. तो प्राथमिक निवडीतच बाद झाला आणि काम बारियास या शिल्पकाराला मिळाले. नाकारलेला तो नमुना रॉदँने जपून ठेवला. पहिल्या महायुद्धानंतर त्याचीच मोठी आवृत्ती व्हर्दूँ येथे युद्धस्मारक म्हणून उभी राहिली, पण तेव्हा रॉदँ हयात नव्हता.

कॅले शहराच्या समितीशी झालेला वादही असाच बोधप्रद आहे. १३४७ साली इंग्लंडच्या राजाने अकरा महिने वेढलेले हे शहर वाचवण्यासाठी सहा नागरिक गळ्यात दोर अडकवून शत्रूच्या छावणीकडे निघाले होते. समितीला विजयी मुद्रेचे वीर हवे होते. रॉदँने मात्र मृत्यूकडे चाललेली, गोंधळलेली, व्यथित, तरीही पाऊल मागे न घेणारी सहा माणसे घडवली. हे नागरिक फारच खचलेले दिसतात, अशी तक्रार झाली. रॉदँने आकृतींवर वर्षानुवर्षे काम केले, परंतु मूळ कल्पना सोडली नाही. भयासह उचललेले पाऊल हेच धैर्य, अशी त्याची धारणा होती. १८९५ मध्ये शिल्प उभे राहिले ते उंच चौथऱ्यावर. पुढे १९२४ मध्ये ते खाली, लोकांच्या पातळीवर आणले गेले.

सर्वांत मोठी अवहेलना बाल्झाकच्या पुतळ्याच्या वाट्याला आली. १८९१ मध्ये लेखकांच्या संस्थेने हे काम रॉदँकडे सोपवले. दीड वर्षाची मुदत असताना त्याला सात वर्षे लागली. लेखकाच्या जन्मप्रदेशात जाऊन त्याने तेथील चेहरे अभ्यासले, बाल्झाकच्या मापाचे कपडे शिवून घेतले, अनेक नमुने केले. १८९८ मध्ये प्रदर्शनात अवतरला तो सैल झग्यात गुंडाळलेला एक प्रचंड आकार. लोकांनी थट्टा केली आणि संस्थेने पुतळा स्वीकारण्याचे नाकारले. चाहत्यांनी वर्गणी जमवून तो विकत घेण्याची तयारी दाखवली, पण रॉदँने तीही नम्रपणे नाकारली. पुतळा तो आपल्या म्यूदाँ येथील घरी घेऊन गेला. १९३९ साली पॅरिसच्या चौकात बाल्झाक उभा राहिला, तेव्हा रॉदँच्या मृत्यूला बावीस वर्षे झाली होती.

रॉदँचे गुणगान करताना त्याच्या आयुष्यातील अन्याय झाकणे आम्हांस योग्य वाटत नाही. रोझ बरे हिने त्याच्या दारिद्र्यात त्याला साथ दिली, ओल्या मातीच्या मूर्ती सांभाळल्या. पण तिच्याशी त्याने विवाह केला तो १९१७च्या जानेवारीत, सहजीवनाला अर्धशतक उलटल्यावर. दोनच आठवड्यांनी ती वारली. मुलालाही त्याने आपले नाव दिले नाही. कामीय क्लोदेल ही त्याची शिष्या, सहकारी आणि स्वतंत्र प्रतिभेची शिल्पकार. तिच्या कृतींत रॉदँचाच हात असावा, असे लोक म्हणत. स्वतः खोट्या संशयाने होरपळलेल्या गुरूच्या छायेत शिष्येलाही तसाच संशय सोसावा लागला. तिचे अखेरचे तीस वर्षांचे आयुष्य मनोरुग्णालयात गेले. प्रज्ञा कितीही तेजस्वी असली तरी शील आणि करुणा यांची उणीव ती भरून काढत नाही, याची जाणीव हे चरित्र देते.

म्यूदाँच्या बागेत, घरासमोरच्या उंचवट्यावर, तथागतांची एक ध्यानस्थ मूर्ती होती. रॉदँकडे काही काळ राहिलेला जर्मन भाषेत लिहिणारा कवी रिल्के त्या मूर्तीने भारावून गेला आणि तिच्यावर त्याने काव्यही रचले. रॉदँ बौद्ध नव्हता. तरीही ज्याच्यावर आयुष्यभर निंदेचा वर्षाव झाला आणि उत्तरायुष्यात तितकाच स्तुतीचा, त्याच्या अंगणात ती शांत मूर्ती असावी, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. १९१६ मध्ये त्याने आपल्या कलाकृती राष्ट्राला अर्पण केल्या. १७ नोव्हेंबर १९१७ रोजी तो निवर्तला. म्यूदाँ येथे रोझच्या शेजारी त्याला पुरण्यात आले आणि समाधीवर ‘विचारवंत’ बसवण्यात आला.

लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख हे आठ लोकधर्म कोणालाही चुकत नाहीत, अशी भगवान बुद्धांची शिकवण आहे. निंदा ऐकून कोसळू नये, तसेच तिच्याकडे पाठही फिरवू नये. तपासून जे खरे असेल ते घ्यावे. परमपूज्य बाबासाहेबांच्या लंडन विद्यापीठातील प्रबंधावरही परीक्षकांनी आक्षेप घेतले होते. बाबासाहेबांनी आपले निष्कर्ष न बदलता मांडणी सुधारली आणि १९२३ मध्ये तोच प्रबंध मान्य झाला. म्हणून स्पर्धेतून परतलेल्या मुलाला क्रमांक कोणता आला, एवढेच विचारून पालकांनी थांबू नये. परीक्षक काय म्हणाले, त्यातले त्याला काय पटले आणि पुढचे चित्र तो कसे काढणार आहे, हेही विचारावे. नाकारलेले चित्रही घरात जपून ठेवावे. विद्यालयातील शिक्षक आणि माजी विद्यार्थी यांनीही आपल्या मुलांच्या कामावर अभिप्राय देताना एवढी काळजी घ्यावी, अशी आमची विनंती आहे.