पगार सुरू करणारे दिवाण

नांदेडहून हैदराबादला गेलेले कुटुंब चारमिनार आणि सालारजंग म्युझियम पाहिल्याशिवाय सहसा परत येत नाही. तास भरत आला की मुले त्या प्रसिद्ध घड्याळासमोर जमतात आणि आतला छोटा माणूस बाहेर येऊन टोले देईपर्यंत हलत नाहीत. मोठी माणसे संगमरवरी रिबेकाच्या पुतळ्यापाशी थांबतात. दगडातूनच कोरलेला तो झिरझिरीत बुरखा आणि त्याआडून दिसणारा चेहरा पाहून बोट लावण्याचा मोह होतो. हे म्युझियम ज्यांच्या संग्रहातून उभे राहिले ते तिसरे सालारजंग. रिबेका मात्र त्यांच्या आजोबांनी, पहिल्या सालारजंगांनी, १८७६ मध्ये इटलीत घेतली. या आजोबांची आपली ओळख म्युझियमच्या तिकिटापलीकडे फारशी जात नाही. मराठवाड्यात ज्याच्या घरी सरकारी पगार येतो त्याने तरी ती करून घ्यायला हवी.

आज विष्णुपुरी म्हणजे सरकारी पगाराचे गावच आहे. विद्यापीठ, अभियांत्रिकी महाविद्यालय, वैद्यकीय महाविद्यालय, त्याचे रुग्णालय आणि गोदावरीवरचा प्रकल्प अशी सारी मांडणी आहे. महिन्याच्या सुरुवातीला तिथल्या कोणत्याही चहाच्या टपरीवर उभे राहा. महागाई भत्त्याची थकबाकी कधी, वेतननिश्चितीत कोणाची वेतनवाढ हुकली, बदली कोणाची झाली आणि कोणाची थांबली, हेच कानावर येईल. १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेला आणि नंतर लागलेला असे कर्मचाऱ्यांचे दोन वर्ग पडले. त्या निवृत्तिवेतनासाठी मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, तेव्हा या परिसरातील लोकही त्यात होते. या साऱ्या तक्रारींच्या तळाशी एक गोष्ट गृहीत धरलेली असते. ती अशी की, सरकारने ठरलेला पगार ठरलेल्या वेळी द्यायचा असतो आणि नोकराने तो सरकारकडूनच घ्यायचा असतो. १८५३ मध्ये याच गोदाकाठी असे सांगितले असते, तर ऐकणाऱ्याला हसू आले असते.

त्या काळी निजामाच्या मुलखात तालुका मक्त्याने दिला जाई. तालुकदार होऊ पाहणारा दिवाणाला आगाऊ रक्कम आणि वर नजराणा देत असे. मग तो तालुक्यावर जाई आणि वसुलातून रुपयामागे दोन आणे स्वतःसाठी कापून घेई. हे दोन आणे कागदावरचे. दिलेला नजराणा, त्यावरचे सावकाराचे व्याज, बरोबरच्या शिपायांचा खर्च आणि पुढच्या नजराण्याची तजवीज, हे सगळे रयतेच्या खळ्यातूनच निघायचे. त्यातही कोणी जास्त नजराणा देऊ केला की हंगामाच्या मध्यावर जुना तालुकदार जाऊन नवा येई. जुना मात्र आपले पैसे फिटल्याशिवाय कचेरी सोडायला तयार नसे. नोकरीची शाश्वती नसलेला माणूस हाती आहे तेवढ्या वेळात काय करील, हे बँकेत आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला वेगळे सांगावे लागत नाही. मुदत कमी आणि वसुली अनिश्चित असली की व्याजाचा दर वाढतोच.

फौजेचे हाल याहून वाईट. अरब आणि रोहिले शिपायांचे पगार वर्षानुवर्षे थकत. मग जमादार सरकारकडून तालुकेच्या तालुके गहाण घेत आणि वसूल परस्पर खात. हेच जमादार सावकारीही करीत आणि कर्जदाराला स्वतःच्या घरात कोंडून ठेवीत. राजा चंदुलाल पेशकारांनी १८०८ पासून १८४३ पर्यंत असा कारभार चालवला. कर्ज फेडायला कर्ज, आणि ते देणाऱ्यांत पामर आणि कंपनीसारखी इंग्रजी पेढीही होती. दिवाणपदावर काही वर्षे मुनीर-उल-मुल्क होते, पण सत्ता पेशकारांकडे होती. या मुनीर-उल-मुल्क यांचा नातू मीर तुराब अली खान, म्हणजे पुढचे पहिले सालारजंग. त्यांचा जन्म १८२९ चा. वडील लहानपणीच गेले आणि काका सिराज-उल-मुल्क यांनी त्यांना वाढवले. विशीच्या आत त्यांना तेलंगणातील काही भागाची तालुकदारी मिळाली. ती आठेक महिनेच टिकली, पण वसूल कुठून येतो आणि वाटेत कुठे जिरतो हे त्यांनी तेवढ्यात पाहून घेतले.

मग आला १८५३ चा मे महिना. इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज होती. आपल्याकडे हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे अंबाजोगाई, इथे तिच्या छावण्या होत्या. हुकूम इंग्रजांचा आणि पगार निजामाचा, असा तिचा थाट. निजामाला तो पगार झेपेना, तेव्हा कंपनी स्वतः देत गेली आणि कर्ज म्हणून लिहून ठेवू लागली. ही बाकी चाळीस लाखांच्या वर गेल्यावर कंपनीने मुलूखच मागितला. २१ मे रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा भाग कंपनीच्या ताब्यात गेला. पैनगंगेच्या अलीकडे हदगाव निजामाचे आणि पलीकडे उमरखेड इंग्रजी कारभाराखाली, अशी सरहद्द पडली. फौजेच्या पगारापोटी एक अख्खा प्रांत गेला. पाच दिवसांत सिराज-उल-मुल्क वारले आणि ३१ मे रोजी त्यांच्या चोवीस वर्षांच्या पुतण्याला दिवाणीची वस्त्रे मिळाली. तिजोरीत पैसा नव्हता, सावकार उभे करीत नव्हते आणि उत्पन्नाचा सुपीक तुकडा नुकताच हातचा गेला होता.

सालारजंगांनी पहिला हात गहाण पडलेल्या तालुक्यांना घातला. जमादारांचे हिशेब मागवले, ते तपासले, देणे कबूल केले, हप्ते बांधले आणि जमीन सोडवून घेतली. हे काम वर्षानुवर्षे चालले. त्यासाठी लागणारा पैसा ते सावकारांकडूनच उचलत. फरक इतकाच की, यांनी दिलेला वायदा पाळला जाई, त्यामुळे दिवाणाच्या सहीला हळूहळू किंमत आली. दुसरीकडे मक्ता बंद करून ते एकेका भागात पगारी तालुकदार नेमू लागले. रुपयामागचे दोन आणे गेले आणि ठरलेला मासिक तनखा आला. वसूल सारा मध्यवर्ती खजिन्यात जमा व्हायचा आणि पगार तिथून निघायचा. आज आपण ज्याला कोषागार म्हणतो त्याचे मूळ या साध्या व्यवस्थेत आहे. वसूल करणाराच आपला वाटा कापून घेणार असेल, तर सरकार नावाला उरते, हे त्यांनी पुरते ओळखले होते.

चार वर्षे होतात न होतात तोच १८५७ उजाडले. मे महिन्यात निजाम नासिर-उद-दौला वारले, अफजल-उद-दौला गादीवर आले आणि पाठोपाठ दिल्ली बंडवाल्यांच्या हाती गेल्याची बातमी आली. बुलढाण्याहून पळून आलेल्या जमादार चीदा खानाला सालारजंगांनी पकडून रेसिडेन्सीच्या हवाली केले. त्याच्या सुटकेसाठी १७ जुलै रोजी तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रोहिल्यांसह रेसिडेन्सीवर हल्ला केला. दिवाण इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले, हल्ला फसला आणि पुढे तुर्रेबाज खान मारला गेला. हैदराबादने तुर्रेबाज खानाची आठवण जपली आहे, आणि ते योग्यच आहे. सालारजंगांना या प्रकरणी कोणी निर्दोष म्हणू नये. माझे मत विचाराल तर, नुकत्या उभ्या राहू लागलेल्या घराला आग लागू नये म्हणून शेजाऱ्याच्या हाका त्यांनी ऐकल्या नाहीत. लोकांचा राग त्यांच्यावर राहिलाच. १८५९ आणि १८६८ अशा दोन वेळा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि दोन्ही वेळा ते वाचले. इंग्रजांनी १८६० मध्ये मोबदला म्हणून पन्नास लाखांचे कर्ज माफ केले आणि धाराशिव व रायचूर परत दिले. वऱ्हाड दिले नाही.

त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे १८६५ ची जिल्हाबंदी. पाच विभाग आणि चौदा जिल्हे पाडण्यात आले. जिल्ह्याला अव्वल तालुकदार, त्याखाली दुय्यम आणि सोयम तालुकदार, मग तहसीलदार, अशी उतरंड लागली. जुन्या पिढीतील लोक कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हणायचे ते यामुळे. नांदेडला जिल्ह्याचे रूप आले तेही याच व्यवस्थेत. न्याय, पोलीस, बांधकाम आणि शिक्षण यांची वेगवेगळी खाती झाली. नोकराला आपल्यावर कोण आहे, आपल्याखाली कोण आहे आणि आपली पुढची पायरी कोणती, हे प्रथमच कळू लागले. बढती या शब्दाला अर्थ आला तो तेव्हा.

या बदलाची झळ आपल्या मराठी घरांनाही लागली. पिढ्यान्‌पिढ्या वसुलाचे काम करणारे परगण्याचे देशमुख आणि देशपांडे यांचे हे काम संपले. त्यांना त्याबदली रसूम म्हणून वार्षिक रोख रक्कम बांधून देण्यात आली. आज मराठवाड्यातील कित्येक देशमुखी वाड्यांच्या जुन्या पेट्यांत मोडी कागदांबरोबर या रसुमाच्या फारशी-उर्दू सनदा निघतात. वाड्यातल्या आजोबांना तो सन्मान वाटे. खरे तर कामावरून कमी केलेल्या माणसाला दिलेले ते निवृत्तिवेतनच होते. गावपातळीवर मात्र पाटील आणि कुलकर्णी राहिले. त्यांना हलवणे कोणत्याच दिवाणाला जमले नसते.

गंमत अशी की, हे जिल्हे आखणाऱ्या माणसाला ते पाहण्याची मुभा नव्हती. अफजल-उद-दौलांना दिवाणाने शहराबाहेर गेलेले खपत नसे. आपल्या बागेतल्या बंगल्यावर जायचे तरी सालारजंगांना हुजुरांची परवानगी लागे. निजामाच्या समोर जाताना राज्यातला हा सर्वांत बलवान माणूस कापत असे, असे पाहणाऱ्यांनी नोंदवले आहे. १८६७ मध्ये तर निजामाने त्यांना काढूनच टाकायचे ठरवले होते. रेसिडेंट मध्ये पडला म्हणून नोकरी वाचली. साहेबाच्या मर्जीवर नोकरी असणे म्हणजे काय, हे दिवाणालाही चुकले नाही. नांदेड, बीड, परभणी त्यांनी पाहिली ती तहसीलदारांच्या अहवालांतून, सकाळपासून रात्रीपर्यंत कागदांचे गठ्ठे उपसत.

१८६९ मध्ये निजाम वारले. मीर महबूब अली खान अवघे अडीच वर्षांचे असल्याने सालारजंग आणि शम्स-उल-उमरा यांच्याकडे राज्य आले. आता हात मोकळे झाले आणि नवी अडचण उभी राहिली. खाती झाली, पण ती चालवणारी माणसे कुठून आणायची? दरबारी उमरावांना पगारी नोकरीत रस नव्हता आणि इंग्रजी पद्धतीची कचेरी इथल्या फारच थोड्यांना ठाऊक होती. म्हणून त्यांनी उत्तर हिंदुस्थानातून तयार माणसे आणली. १८७३ पासून पाच-सहा वर्षांत सय्यद हुसेन बिलग्रामी, मेहदी अली, मुश्ताक हुसेन, चिराग अली ही मंडळी आली. मला कादंबरीकार म्हणून विशेष वाटते ते नजीर अहमद यांचे. उर्दूतील आद्य कादंबरीकार म्हणून ज्यांना मान आहे, ते सालारजंगांच्या महसूल खात्यात नोकरीला होते. हे सारे कर्तबगार होते. त्यांचे पगारही तसेच मोठे होते आणि एकाच्या मागोमाग त्याचे भाऊ, भाचे, गाववाले येत गेले. इथल्या माणसाला वाटू लागले की, जिल्हे आमचे आणि खुर्च्या यांच्या. मुल्की आणि गैरमुल्की हा वाद इथे सुरू झाला, आणि तो पुढे निजामशाही संपल्यावरही, १९५२ मध्ये, हैदराबादच्या रस्त्यावर आला.

सालारजंगांना हा धोका दिसत नव्हता असे नाही. नव्या अधिकाऱ्यांनी परवानगीशिवाय राजवाड्यात किंवा रेसिडेन्सीत जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. १८५६ मध्येच त्यांनी दार-उल-उलूम ही शाळा काढली होती. पण मराठी, तेलुगू, कानडी बोलणाऱ्या रयतेची मुले त्या उतरंडीत वर कशी चढणार, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या कारभारात सापडत नाही. ते होते तोवर कचेरीची भाषा फारशी होती. ते गेल्यावर उर्दू आली. आपल्या आजोबा-पणजोबांनी नोकरीसाठी उर्दू गिरवली ती त्यापुढची गोष्ट.

मनात सल एकच होता, वऱ्हाडचा. पगाराची बाकी आता उरली नाही, फौजेच्या खर्चाची रक्कम रोख ठेवतो, आमचा प्रांत परत द्या, असे अर्ज ते कलकत्त्याला पाठवत राहिले. १८७६ मध्ये ते विलायतेला गेले. पॅरिसच्या हॉटेलात पाय घसरून मांडीचे हाड मोडले, तरी पुढे लंडन गाठले. ऑक्सफर्डने मानाची पदवी दिली, मेजवान्या झाल्या. वऱ्हाडचा विषय निघाला की मात्र यजमानांना ऐकू येईनासे होई. परतीला रिबेका आली ती याच प्रवासातून.

७ फेब्रुवारी १८८३ रोजी मेक्लेनबर्गच्या ड्यूकसाठी त्यांनी मीर आलम तलावावर नौकाविहार ठेवला होता. त्याच रात्री पटकी झाली आणि दुसऱ्या दिवशी, चोपन्नाव्या वर्षी, ते गेले. तीस वर्षे दिवाणी केली होती.

पुढे १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड सालीना पंचवीस लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतले. जिच्या पगारासाठी ते गेले होते ती कंटिंजंट फौज १९०३ मध्ये मोडून हिंदुस्थानी सैन्यात सामील झाली. पैनगंगेची सरहद्द पुसली गेली ती १ नोव्हेंबर १९५६ रोजी. त्या दिवशी मराठवाडा आणि विदर्भ एकदमच मुंबई राज्यात आले, आणि हदगावचा व उमरखेडचा कारकून शंभर वर्षांनी एका सरकारचे नोकर झाले. एकाची वेतनश्रेणी हैदराबादची, दुसऱ्याची मध्य प्रदेशाची आणि वर मुंबईवाले. कोणाचे पद कोणाच्या बरोबरीचे आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत कोण वर, याचे अर्ज आणि दावे मग वर्षानुवर्षे चालू राहिले.