सर थॉमस मन्रो

चेन्नई शहरात एका इंग्रजी अमदानीतील प्रशासकाचा अश्वारूढ पुतळा आहे. मद्रास इलाख्याचे गव्हर्नर सर थॉमस मन्रो यांचा तो पुतळा होय.

मन्रो यांचा जन्म २७ मे १७६१ रोजी स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे झाला. १७८० मध्ये ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात दाखल होऊन मद्रासला आले. हैदर अलीविरुद्धच्या युद्धात ते लढले. फारसी व हिंदुस्थानी या भाषाही त्यांनी आत्मसात केल्या. १७९२ मध्ये बारामहाल प्रांतात महसुलाचे काम त्यांच्याकडे आले आणि तेथूनच त्यांच्या आयुष्याला नवी दिशा मिळाली.

१८०० मध्ये निजामाने बेल्लारी, अनंतपूर, कडप्पा आदी प्रदेश कंपनीला दिला. मन्रो तेथे सात वर्षे मुख्य कलेक्टर होते. सशस्त्र पाळेगारांमुळे हा मुलूख अशांत होता. मन्रो यांनी त्यांचा बंदोबस्त केला. ते तंबूत राहून गावोगाव फिरत आणि रयतेची गाऱ्हाणी ऐकत. त्यांनी जमिनीची मोजणी करवून प्रत्येक शेताचा सारा ठरविला. बंगालमध्ये सरकार जमीनदाराकडून सारा घेई. येथे मात्र तो थेट शेतकऱ्याकडून घेतला जाऊ लागला. हीच रयतवारी पद्धत होय.

परंतु ठरविलेला सारा रयतेला जड होता. मन्रो यांनी ते ओळखले आणि १८०७ मध्ये त्यात चौथाईची सूट देण्याची शिफारस केली. सरकारने ती फेटाळली व पुढे गावेच मक्त्याने दिली. त्यात अनेक शेतकरी नागवले गेले. १८२० मध्ये गव्हर्नर झाल्यावर मन्रो यांनी रयतवारी पुन्हा सुरू केली आणि सारा कमी केला.

१८२२ मध्ये त्यांनी इलाख्यातील देशी शाळांची पाहणी करविली. तीत १२,४९८ शाळांची नोंद झाली. हिंदी लोकांना राज्यकारभारात मोठ्या जागा मिळाव्यात, असेही त्यांचे मत होते.

स्वदेशी परतण्यापूर्वी ते आपल्या जुन्या जिल्ह्यांचा निरोप घेण्यास निघाले. या दौऱ्यातच ६ जुलै १८२७ रोजी पत्तिकोंडा येथे पटकीने त्यांचे निधन झाले.

मन्रो हे परकीय सत्तेचे सेवक होते. महसूल गोळा करणे हेच त्यांचे कर्तव्य होते. तरीही रयत टिकली तरच राज्य टिकेल, हे तत्त्व त्यांनी सोडले नाही. पुढे मुंबई इलाख्यातही रयतवारी रुजली आणि महाराष्ट्रातील सामान्य शेतकऱ्याचे नाव खातेदार म्हणून सरकारी दप्तरात आले.