सही करणारा माणूस

आमच्या घरी तेव्हा फ्रिज नव्हता. वडिलांची इन्शुलिनची बाटली माजघरात, माठाच्या गारव्याला ठेवलेली असे. सकाळी आई काचेची सिरिंज आणि सुई पातेल्यात उकळायची, वडील मांडीत टोचून घ्यायचे आणि मग न्याहारीला बसायचे. हे औषध कोणी शोधलं असं कुणी विचारलं की आम्ही भावंडं बँटिंग आणि बेस्ट ही दोन नावं एका दमात सांगत असू. १९२३ सालचं नोबेल मात्र बँटिंगबरोबर बेस्टला नाही, तर मॅक्लाऊड नावाच्या प्राध्यापकाला मिळालं होतं, हे मला कळलं ते बँकेत अधिकारी झाल्यावर, मायकेल ब्लिस या इतिहासकाराच्या पुस्तकातून.

जॉन जेम्स रिकर्ड मॅक्लाऊड यांचा जन्म १८७६ सालचा, स्कॉटलंडमधल्या एका धर्मोपदेशकाच्या घरातला. अ‍ॅबर्डीनला डॉक्टरकी, मग लाइपझिग, लंडन, अमेरिकेतलं क्लीव्हलँड असं करत १९१८ साली ते कॅनडात, टोरांटो विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्रमुख म्हणून आले. शरीर साखर कशी वापरतं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. मधुमेहावर त्यांचं पुस्तक १९१३ सालीच आलेलं होतं.

नोव्हेंबर १९२० मध्ये फ्रेडरिक बँटिंग त्यांच्यासमोर येऊन बसला. व्यवसायात जम न बसलेला तरुण सर्जन, संशोधनाचा अनुभव जवळजवळ शून्य. स्वादुपिंडाची नळी बांधायची, पाचकरसाच्या पेशी सुकू द्यायच्या आणि उरलेल्या भागातून मधुमेहावरचा अर्क काढायचा, एवढी कल्पना घेऊन आलेला. मोठमोठे लोक या वाटेनं जाऊन हात हलवत परतल्याचं मॅक्लाऊड यांना ठाऊक होतं. त्यांनी शंका काढल्या. तरीही अखेर प्रयोगशाळेतली जागा दिली, दहा कुत्रे दिले, मदतीला चार्ल्स बेस्ट हा विद्यार्थी दिला. मे १९२१ मध्ये काम सुरू झालं. पहिल्या शस्त्रक्रियेला मॅक्लाऊड स्वतः उभे राहिले आणि जूनमध्ये सुटीसाठी स्कॉटलंडला गेले.

इथेच त्यांच्यावरचा आरोप जन्माला आला. पोरं उन्हाळ्यात घाम गाळत होती तेव्हा साहेब सुटीवर होते!

मी तीस वर्षं कर्जाच्या प्रस्तावांवर सह्या केल्या. एका शाखेत कुक्कुटपालनासाठी एका तरुणाला कर्ज मंजूर केलं. धंदा चालला, तेव्हा त्याचा फोटो पेपरात आला, आणि तो यायलाच हवा होता. दुसरं एक खातं बुडालं, तेव्हा मात्र सही कुणाची हे वरच्यांनी सगळ्यात आधी विचारलं. म्हणून असेल, पण मॅक्लाऊड यांच्याकडे माझं मन जरा जास्तच ओढतं.

सप्टेंबरमध्ये ते परतले तेव्हा बँटिंगनं पगार, खोली, कुत्र्यांसाठी माणूस अशा मागण्या केल्या. एकाला जास्त दिलं तर दुसऱ्याच्या संशोधनाचं कमी होतं, म्हणून ते आधी अडले. भांडण झालं. मग बहुतेक सगळं दिलं. डिसेंबरात त्यांनी जेम्स कॉलिप या जीवरसायनशास्त्रज्ञाला कामात घेतलं. बँटिंगची तशी आधीपासून इच्छा होती, पण त्याची वेळ मॅक्लाऊड यांनी ठरवली. ११ जानेवारी १९२२ रोजी लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला दिलेला बँटिंग-बेस्टचा अर्क फारसा लागू पडला नाही. २३ तारखेपासून दिलेला कॉलिपचा शुद्ध अर्क लागू पडला. पण तोवर कॉलिप आणि बँटिंग यांच्यात हातघाईपर्यंत पाळी आली होती. दोनच दिवसांनी, २५ जानेवारीला, चौघांनी करारावर सह्या केल्या, की कुणी परस्पर पेटंट घ्यायचं नाही. तो कागद झाला नसता तर पुढची वर्षं कोर्टात गेली असती, असं माझं मत आहे.

त्यानंतर मॅक्लाऊड यांनी आपली सारी प्रयोगशाळा इन्शुलिनला जुंपली. कारखान्यात औषध करण्यासाठी इलाय लिली कंपनीशी मे १९२२ मध्ये बोलणी पक्की झाली. औषधाची प्रत सांभाळण्यासाठी विद्यापीठाची समिती बसली, तिच्यातही ते होते. त्या उन्हाळ्यात ते न्यू ब्रन्सविकच्या किनाऱ्यावर माशांवर काम करत बसले. काही माशांत इन्शुलिनच्या पेशींची गाठ वेगळीच असते, त्यामुळे इन्शुलिन नेमकं कुठून येतं ते सिद्ध करता आलं.

चूक त्यांचीही होती. डिसेंबर १९२१ च्या न्यू हेवनच्या सभेत बँटिंग अडखळला, तेव्हा हे पुढे होऊन उत्तरं देऊ लागले आणि आम्ही असं केलं, आम्ही तसं केलं, असं बोलत राहिले. त्या आम्हीनं बँटिंगच्या मनात जी अढी बसली ती सुटली नाही. नोबेल जाहीर झालं तेव्हा तो संतापला आणि त्यानं आपली अर्धी रक्कम बेस्टला दिली. मॅक्लाऊड यांनी आपली अर्धी कॉलिपला दिली.

१९२२ सालीच त्यांनी या शोधाची हकीकत लिहून ठेवली होती, पण ती १९७८ पर्यंत छापली गेली नाही. जाहीर भांडण त्यांनी कधीच केलं नाही. १९२८ साली टोरांटो सोडताना स्टेशनवर ते बूट जमिनीवर घासत होते; कुणी विचारलं, तेव्हा या शहराची धूळ पुसतो आहे असं ते म्हणाले, अशी आठवण सांगतात. अ‍ॅबर्डीनला संधिवातानं त्यांचे फार हाल झाले, तरी शिकवणं चालू होतं. १६ मार्च १९३५ रोजी ते गेले, अवघ्या अठ्ठावन्नाव्या वर्षी.

ब्लिसचं पुस्तक १९८२ साली निघालं. माझे वडील त्याच्या आदल्या वर्षी गेले. टोचून घेताना ते रोज बाटलीवरचं लेबल डोळ्यांजवळ नेऊन वाचत. त्यांना हे नाव मला सांगायचं होतं.